झाड लावायचे खरे, पण ते कुणाचे?

‘‘तू सांगतीस ते सगळं खरं हाय गं, पण झाड कुणाचं म्हणायचं?’’

दादाच्या या एका प्रश्नाने माझे बोलणे तिथेच थांबले. मे महिन्यातली दुपार होती. खानापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या पडवीत आम्ही बसलो होतो. वहिनी फणसाचे गरे सोडवत होत्या, आई शेजारी पंखा हलवीत होती आणि मी नेहमीप्रमाणे माळावर झाडे लावायचा विषय काढला होता. कागदावर हिशेबही मांडून दाखवला. सात मीटर अंतर धरले तर एकरात साधारण ८० काजू कलमे बसतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून ती फळ धरू लागतात, बांधावर साग आणि सिल्व्हर ओक लावले तर म्हातारपणाची सोय होते, वगैरे. दादाने तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि वरचा प्रश्न विचारला.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. गुंतवणूक, जोखीम, परतावा हे शब्द माझ्या तोंडी रोजचेच. आमची जमीन सारी मिळून साडेतीन एकर. दीड एकर ओढ्याकाठचे भात, दोन एकर तांबडा माळ. त्या माळावर एके काळी नाचणी आणि भुईमूग होत असे. आता काही वर्षे तो पडूनच आहे. तिथे झाडे लावणे हे शहाणपणाचे आहे, हे मी दहा वर्षे सांगत आले आणि दादा दहा वर्षे ‘‘बघू’’ म्हणत आला. हा नुसता जुन्या वळणाचा माणूस, धोका पत्करत नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. त्याचा प्रश्न ऐकला तेव्हा मला वाटले, झाड तोडायला सरकारी परवाना लागतो त्याबद्दल तो बोलतोय. प्रश्नाचा खरा रोख माझ्याकडे होता हे कळायला मला पुढचे कित्येक महिने लागले.

तोपर्यंत मात्र एक चांगले झाले. जिथे जाईन तिथे मी शेतकऱ्यांना विचारू लागले. झाड का लावलेत? नसेल लावले तर का नाही? खानापूर, चंदगड, चिकोडी, धारवाडकडचा कलघटगी भाग, जिथे पाहुणे किंवा विद्यार्थी असतील तिथे. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

जुनेच, पण नव्या नावाचे

‘वनशेती’ हा शब्द अलीकडचा. पीक, झाड आणि गुरे यांना एकाच जमिनीत एकमेकांच्या सोबतीने नांदवायचे, हा त्याचा सरळ अर्थ. भारत सरकारने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषी-वनशेती धोरण जाहीर केले. असे स्वतंत्र धोरण करणारा भारत हा जगातला पहिला देश.

पण आपल्या भागात ही गोष्ट धोरणाच्या कितीतरी आधीची आहे. कृष्णाकाठच्या पानमळ्यांत नागवेलीला आधार आणि सावली मिळावी म्हणून शेवरी, पांगारा, शेवगा लावतात. पूर्वेकडच्या काळ्या रानात बांधावर बाभूळ राखत. औत, कुळव, गाडीची चाके यांना लागणारे लाकूड तिच्यातून निघे, काटेरी फांद्या कुंपणाला जात, शेंगा शेळ्या खात. घाटमाथ्यावर आणि खाली कोकणात भाताचा तरवा टाकण्यापूर्वी वाफ्यावर राब भाजत. त्याच्या डहाळ्यांसाठी ऐन, किंजळ अशी झाडे शेताच्या कडेलाच राखलेली असत.

मग ही झाडे गेली कुठे? चिकोडीकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने मला साधे उत्तर दिले. ‘‘बैल गेलं, गाडी गेली, मग बाभळ कशाला ठेवायची? ट्रॅक्टर वळवताना आडवी येती.’’ लोखंडी अवजारे आली, बाभळीचे काम संपले आणि बाभूळ गेली. झाडावरचे प्रेम आटले असे नव्हे. घरातले एखादे काम झाडावाचून अडत असते, तोवर शेतकरी ते झाड ठेवतो. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत हे आपण विसरतो. आपण सावली, पाऊस, पृथ्वीचे तापमान यांवर बोलतो. साडेतीन एकराचा धनी मात्र आपल्या चुलीचा, गोठ्याचा आणि गाठीच्या पैशाचा विचार करत असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातली सुमारे ८६ टक्के खाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत आणि सरासरी धारणा १.०८ हेक्टर. म्हणजे बहुतेकांचा विचार असाच चालतो.

माणूसबळाचे गणित

आज आपल्या पश्चिम भागात जे लोक झाडांकडे वळले आहेत, त्यांनी दिलेले पहिले कारण उत्पन्न हे नव्हतेच. ते होते माणसांची टंचाई. चंदगडकडचे एक काका म्हणाले, ‘‘पोरगं पुण्याला, पुतण्या गोव्याला. लावणीला माणसं आणायची कुठनं? काजूला लावणी न्हाई, कोळपणी न्हाई.’’

नीट पाहिले तर यात वेळापत्रकाचा मोठा सोयीचा भाग आहे. भाताची सारी धावपळ जून ते नोव्हेंबर. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. म्हणजे घरातली माणसे मोकळी असतात तेव्हा काजू हाताला काम देतो. पडलेली बी वेचायला म्हातारीकोतारी चालतात, सुट्टीत आलेली मुले चालतात. चंदगड-आजरा भागात काजूवर प्रक्रिया करणारे लहान लहान कारखाने आहेत, त्यामुळे बी विकायला लांब जावे लागत नाही. ज्या झाडाला जवळ गिऱ्हाईक, ते झाड आधी लागते.

दुसरे कारण रानटी जनावरांचे. गव्यांचा कळप एका रात्रीत उभे भात तुडवतो, रानडुकरे भुईमूग उकरतात. नाचणीच्या माळावर रात्रभर माचाणावर बसून राखण करणारी पिढी आता राहिली नाही. काजूच्या बागेची अशी रोजची राखण लागत नाही.

पण काजू म्हणजे आयते उत्पन्न, असेही कुणी समजू नये. मोहोराच्या दिवसांत ढग आणि धुके आले की ढेकण्या मोहोर जाळतो. खोडकिडा लागला तर उभे झाड वाळते. हंगामापूर्वी गवत काढले नाही तर वणव्याचे भय. वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या म्हणून या भागातली कलमांची लागवड सोपी झाली, तरी कलम जगवणे हे शेवटी घरच्या माणसांवरच येते.

अडीनडीची पुंजी

खानापूरच्या एका गावात सत्तरीच्या मावशींनी मला परसातला एक मोठा बुंधा दाखवला. फणसाचा होता. ‘‘मालकांच्या ऑपरेशनला गेला,’’ त्या म्हणाल्या. इतक्या सहज, जणू बँकेतून पैसे काढले.

खरोखर ती बँकच. रॉबर्ट चेंबर्स आणि मेलिसा लीच या दोन अभ्यासकांनी १९८९ मध्ये एका लेखात हीच गोष्ट मांडली होती. गरीब माणसाला झाड हे बचतीचे आणि संरक्षणाचे साधन असते. ते लावायला थोडे पैसे पुरतात, त्याची वाढ आपोआप होते, आणि आजारपण, लग्न, कर्ज अशा वेळी ते मोडता येते. सगळी झाडे एकदम मोडावी लागत नाहीत. एक तोडून बाकीची राखता येतात. जमीन विकायची वेळ टळते. पण त्या लेखकांची एक अट होती, आणि मी ती वर्गात शिकवताना नेहमी घाईने ओलांडून जात असे. झाड बचत तेव्हाच ठरते, जेव्हा ते हवे तेव्हा तोडायचा आणि विकायचा हक्क लावणाऱ्याच्या हाती असतो. पासबुक एकाकडे आणि सही दुसऱ्याची, अशा खात्यात कोण पैसे ठेवील?

पहिली चार वर्षे

हक्क असला तरी पोटाचा प्रश्न उरतोच. झाड मोठे होईपर्यंत खायचे काय? याचे चांगले उत्तर दक्षिण गुजरातेतल्या वांसद्यात सापडते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने १९८२ मध्ये तिथल्या आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’ हा कार्यक्रम सुरू केला. एका कुटुंबाची साधारण एक एकर जमीन घ्यायची. आत आंबा आणि काजूची कलमे, कडेने लाकूड, जळण आणि चाऱ्याची झाडे, आणि कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत नेहमीचे धान्य-भाजीपाला. आंबा येईपर्यंत मधले पीक घर चालवते, कडेची झाडे कुंपण होतात. पुढे नाबार्डने हाच नमुना इतर राज्यांत नेला.

आपल्या जवळ धारवाड जिल्ह्यात कलघटगी तालुक्यातल्या सुरशेट्टिकोप्प परिसरातही याच संस्थेच्या साहाय्याने शेततळी आणि फळझाडे यांची जोड घालण्यात आली. शेतात तळे, बांधावर झाडे, मध्ये पीक. रोपांच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांना पाणी मिळते की नाही, यावरच सारे ठरते. आपल्याकडची बहुतेक रोपे पावसाळ्यात लागतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये मरतात.

महाराष्ट्रात १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. खड्डा खणण्याची आणि रोप जगवण्याची मजुरी शेतकऱ्याला त्याच्याच शेतात मिळू लागली. कर्नाटकात २०११-१२ पासून ‘कृषी अरण्य प्रोत्साह योजने’ आहे. वन खात्याच्या रोपवाटिकेतून सवलतीत रोपे घ्यायची, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाअखेर जगलेल्या प्रत्येक रोपामागे रक्कम मिळवायची. लावलेल्या रोपाला नव्हे तर जगलेल्या रोपाला पैसे, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. मात्र अर्जासोबत जमिनीचा उतारा जोडावा लागतो. इथे माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी टोचले, कारण आमच्या उताऱ्यावर कुणाचे नाव आहे हे मला आठवेना.

निलगिरीचा धडा

सरकारने सांगितले म्हणून झाड लावायचे, याचा अनुभव शेतकऱ्यांना चांगला नाही. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत निलगिरीचा बोलबाला झाला. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या नाचणीच्या जमिनीत निलगिरी उभी राहिली. लावणाऱ्यांत गावाबाहेर राहणारे जमीनमालकही होते, कारण निलगिरीला राखण लागत नाही, गुरे ती खात नाहीत आणि मजुरांमागे धावावे लागत नाही. उत्तरेत पंजाब, हरियाणा, गुजरातेत तर शेतकऱ्यांनी ती चक्क पीक म्हणून लावली, आणि दशकाच्या अखेरीला बल्ल्यांचे भाव कोसळल्यावर कित्येकांनी मुळासकट उपटली.

त्याच काळात आपल्या शेजारी, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात, एक वेगळी घटना घडली. गावांची पडीक जमीन कागद-धाग्याच्या कारखानदारीसाठी निलगिरीखाली आणणाऱ्या ‘कर्नाटक पल्पवुड्स’ या कंपनीविरुद्ध १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूर येथे ‘कित्तिको-हच्चिको’ सत्याग्रह झाला. ‘उपटा आणि लावा’ असा त्या कन्नड शब्दांचा अर्थ. लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी गावाला उपयोगी पडणारी रोपे लावली. शिवराम कारंत यांच्यासारखे लेखक या लढ्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९१ मध्ये ती कंपनी गुंडाळली गेली. २०१७ मध्ये तर कर्नाटक सरकारनेच निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली.

कुसनूरच्या लोकांना झाडे नको होती असे कुणी म्हणू शकणार नाही. झाड कोणते, आणि त्याचा उपयोग कुणाला, हे त्यांना स्वतः ठरवायचे होते. एकाच झाडावर, एकाच गिऱ्हाइकावर सारी जमीन लावली की भाव पडल्यावर शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून लहान शेतकरी आपल्या मनाने लावतो तेव्हा बांधावर दहा प्रकारची झाडे दिसतात. दोन आंबे, एक फणस, चार साग, शेवग्याचे एक खोड, गिरिपुष्पाची रांग. आपल्याला तो गबाळेपणा वाटतो. त्याच्या दृष्टीने ती विभागलेली जोखीम असते.

सावली शेजाऱ्याच्या शेतात

आणखी एक अडचण पुस्तकांत क्वचित सापडते, पण बांधावर उभे राहिले की लगेच दिसते. बेळगाव साधारण १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण रब्बीच्या दिवसांत तो दक्षिणेला झुकतो आणि झाडाची सावली उत्तरेला पडते. म्हणजे माझ्या उत्तरेकडच्या बांधावर मी साग लावला तर त्याची सावली शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर. दक्षिणेच्या बांधावर लावला तर माझ्याच पिकावर. मुळेही बांध ओळखत नाहीत. चार-पाच ओळी पीक खुरटते. बांधाच्या वीतभर जागेवरून जिथे पिढ्यान्पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, तिथे झाड म्हणजे नव्या भांडणाचे आमंत्रण. म्हणून कित्येक जण बांध मोकळाच ठेवतात.

तसेच गुरांचे. सुगी झाली की शिवार मोकळे होते आणि गावाची गुरे कुठेही चरतात. ही जुनी रीत आहे आणि भूमिहीनांच्या शेळ्यांना तिचाच आधार. पण एकट्याने रोपे लावली तर मार्चपर्यंत त्यांच्या काड्या उरतात. कुंपण घालायचे तर खर्च कलमांहून जास्त. जिथे आठ-दहा शेजारी मिळून लावतात, तिथे गुराखी आपोआप वाट बदलतो. म्हणून एखाद्या गावात वनशेती पसरते ती घोळक्याने पसरते, आणि शेजारच्या गावात एकही रोप नसते. लोक त्याला त्या गावाचा आळस म्हणतात. खरे कारण बहुतेक वेळा एकोप्याचे असते.

तोडायचे कुणाच्या परवानगीने?

आता परवान्याविषयी. १९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या जमिनीतलेही झाड तोडायला परवानगी लागते, मात्र काही झाडांना त्यातून सूट आहे. निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, नारळ ही त्यांतली. सिल्व्हर ओक इतका का लावतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे. लाकूड सागाइतके मोलाचे नाही, पण तोडताना कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

चंदनाची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. कर्नाटकात खासगी जमिनीत उगवलेले चंदनही सरकारचेच मानले जाई. बांधावर चंदनाचे रोप दिसले की पुढची कटकट नको म्हणून ते उपटून टाकत, असे जुने लोक सांगतात. २००१ मध्ये कायदा बदलला आणि चंदन जमीनमालकाचे झाले. त्यानंतर लोक ते मुद्दाम लावू लागले. माती तीच, पाऊस तोच. बदलला तो फक्त मालकीचा प्रश्न. झाड तोडण्यावर कडक निर्बंध घातले की झाडे वाचतात, असे आपल्याला वाटते. उभी झाडे वाचत असतीलही, पण न लावलेल्या झाडांची मोजदाद कुणी करत नाही.

दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याची गोष्ट याहून अवघड. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून कुळपद्धत संपली. हजारो कुळे मालक झाली, ही मोठीच गोष्ट. पण त्यानंतर जमीन अर्धेलीने किंवा खंडाने कसण्याचे व्यवहार तोंडीच राहिले. तोंडी व्यवहारात कसणारा झाड लावू शकत नाही. लावले तर मालकाला संशय येतो की हा हक्क सांगणार. पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याकडे जाते.

सहीचा प्रश्न

हे सारे ऐकून-पाहून मी दिवाळीला माहेरी गेले. दादाला म्हटले, ‘‘तुझा प्रश्न आता कळला. परवान्याचं म्हणत होतास ना?’’

दादा हसला. उठून आत गेला आणि ट्रंकेतून उतारा घेऊन आला. २००० च्या सुमारास ‘भूमी’ योजनेत कर्नाटकातले उतारे संगणकावर आले, तसा हाही स्वच्छ छापील. पण त्यावर नाव आमच्या आजोबांचे होते. बाबांना जाऊनही नऊ वर्षे झाली होती.

‘‘परवाना न्हाई गं,’’ तो सावकाश म्हणाला. ‘‘मी माळावर काजू लावला, धा वर्षं राबलो, आणि उद्या वाटणी झाली तर तो तुकडा तुला यील का मला? तू मागशील असं न्हाई म्हणत मी. पण तुझी पोरं हायत, माझी पोरं हायत. नाचणी असती तर प्रश्न नव्हता, सा महिन्यांत काढून घेतली असती. झाड काय उचलून नेता येतंय?’’

कर्नाटकाने १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राने तो देशभर लागू केला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही. हे मी विद्यार्थिनींना अभिमानाने सांगते. पण माझ्याच घरात तो हक्क मी ना मागितला होता, ना सोडला होता. तो नुसता लोंबकळत ठेवला होता, आणि त्याच्या सावलीत दादाचा माळ नऊ वर्षे पडीक होता. दहा वर्षे मी त्याला झाड लाव म्हणत होते आणि त्याच्या झाड न लावण्याचे एक कारण मी स्वतः होते.

गावातल्या एक-दोघांनी सुचवले, ‘‘हक्कसोड करून टाका, बाई. भावाला कशाला अडकवता?’’ दादाने तसे कधी म्हटले नाही, आणि मीही केले नाही. हक्क सोडणे हा या प्रश्नाचा एकमेव सुटसुटीत मार्ग आहे असे समजून किती बहिणी सही करून मोकळ्या होतात! आमचा प्रश्न माझ्या हिश्शाने निर्माण केला नव्हता. तो कुठे आहे हे ठरलेले नव्हते, त्यातून तो आला होता. म्हणून आम्ही आधी वारसा नोंदवला, मग ११-ई नकाशा काढून घेतला आणि आई, दादा व मी, तिघांच्या सह्यांनी वाटणीपत्र केले. खेपा झाल्या, खर्च झाला, दोनदा शब्दाला शब्दही लागला. रस्त्याकडचा तीस गुंठ्यांचा माळ मला आला. भात आणि उरलेला माळ दादा व आईकडे राहिला.

या जूनमध्ये दादाने झाडे लावली. माझा कागद मात्र त्याने खिशातच ठेवला. ८० कलमांऐवजी दहा मीटर अंतर धरून एकरात चाळीसच लावली, मध्ये नाचणी पेरली. कडेने गिरिपुष्पाचे खुंट रोवले, त्याचा पाला भाताला जाईल. सागाची रोपे शेजाऱ्याशी बोलून, त्याच्या सावलीची सोय पाहून, ओढ्याकडच्या बाजूला घातली. शेजाऱ्यानेही आपल्या हद्दीत दहा फणस लावले. मला सांगायला संकोच वाटतो, पण त्याचा आराखडा माझ्यापेक्षा चांगला आहे. माझ्या तीस गुंठ्यांतही काजू आहे. राखण वहिनी करणार, बी निम्मी-निम्मी, जळण आणि पाला त्यांचा, असे आम्ही कागदावर लिहून ठेवले आहे.

निघताना वहिनी रोपांना आळी करत होत्या. मी म्हटले, ‘‘वहिनी, आता झाड कुणाचं हा प्रश्न मिटला.’’

त्यांनी मान वर न करता विचारले, ‘‘वन्सं, तुमचं नाव उताऱ्यावर आलं, ह्यांचं आलं, अत्तींचं आलं. पाणी मी घालतीया. माझं नाव कुठं हाय?’’

दादा ऐकत उभा होता. तो काही बोलला नाही, मीही नाही. काजूला पहिला मोहोर यायला अजून तीन-चार पावसाळे आहेत. तेवढ्या वेळात या प्रश्नाचे उत्तर आम्हाला शोधावे लागेल, कारण शेतात रोप जगवणारे हात बहुतेक घरांत वहिनींचेच असतात.